न्यूकमध्ये (व्हिडिओचे थर एकत्र करायचं सॉफ्टवेअर) प्लेटमधली (शूट केलेल्या चित्रातली) सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ व्हॅल्यू कशी काढायची? ब्लॅक नुसत्या डोळ्यानं जुळवला तर चालत नाही का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, तिथं माझी दुखरी नस आहे. नाही चालत.

सोलापुरातल्या एका चादरवाल्या शेठसाठी जाहिरात करत होतो. गडद मरून चादर आणि तिच्यावर धुपाचा धूर. धूर दाजींच्या स्टुडिओत काळ्या कापडापुढं शूट केला, लहान करून चादरीवर स्क्रीननं मर्ज केला, म्हणजे असा मिसळला की पूर्ण काळं तेवढं गायब व्हावं आणि उजळ राहावं. दाजी रोलच्या जमान्यापासूनचे फोटोग्राफर, कॅमेरा मला त्यांनीच हातात दिला. मी म्हणालो, "दाजी, कापडाचा काळा एकदा मोजून घेऊ." तर म्हणे, "दिसतंय की काळं! आकडे बघून कुणी फोटो काढतंय व्हय?" खिडकी सताड उघडी, बाहेर एप्रिलचं ऊन. त्या उजेडात मॉनिटरवर काळंच दिसत होतं. बहिणीच्या घरात वाद कशाला, म्हणून गप्प बसलो.

दुकानाच्या उद्घाटनाला एलईडी वॉल लावली होती. जाहिरात सुरू झाली आणि पहिल्या रांगेतून शेठच्या आई म्हणाल्या, "चादरीवर काच ठेवलीय का रे?" धुराभोवती चौकोन, चारही कडा स्वच्छ दिसत होत्या. बिलातले निम्मे पैसे गेले.

त्याच रात्री न्यूकमधलं कर्व्हटूल लावलं (चित्रातल्या व्हॅल्यू मोजणारा नोड, म्हणजे एकेक काम करणारा ठोकळा), त्यात मॅक्स लुमा पिक्सेल (लुमा म्हणजे पिक्सेलचा एकूण उजेड) निवडलं, गो दाबलं. किमान आलं ०! म्हटलं, दाजीच खरे निघाले. मग बघितलं तर मोजायची चौकट प्लेटच्या बाहेर गेली होती, ते शून्य भोवतालच्या रिकाम्या जागेचं. चौकट आत ओढल्यावर कापड ०.००३ च्या आसपास. लिनियरमधलं (प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात, ० काळा नि १ पांढरा) ०.००३ म्हणजे ८ बिट एसआरजीबीत (पडद्याची नेहमीची ० ते २५५ मोजपट्टी) साधारण १०. उन्हातल्या मॉनिटरवर १० काय नि ० काय!

तर तुमचं उत्तर हेच: कर्व्हटूल. उजळ आणि गडद अशा दोन्ही पिक्सेलची जागा आणि व्हॅल्यू फ्रेमगणिक की होऊन (नोंदली जाऊन) मिळते. ती ग्रेड नोडच्या ब्लॅकपॉइंट-व्हाइटपॉइंटला (कुठली व्हॅल्यू काळी नि कुठली पांढरी धरायची ते) जोडून टाका. न्यूकसारखंच नॅट्रॉन फुकट आहे, त्यात इमेजस्टॅटिस्टिक्स नोड किमान-कमाल देतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या लेव्हल्स नोडमधून मात्र सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच मिळतं, त्याच्या नादी लागू नका.

लुमाची एक मेख आहे. त्यात हिरव्याचं वजन ०.७१५२, निळ्याचं जेमतेम ०.०७२२. निळा २ वर गेलेला पिक्सेल 'सर्वांत उजळ' म्हणून सापडेलच असं नाही. प्रत्येक चॅनलचं किमान-कमाल हवं असेल तर शफल नोडनं तो एकच चॅनल आर, जी, बी तिन्हीत टाका आणि मग मोजा. तीनदा करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण करा.

आणि हो, एखादा हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा बिघडलेला, चमकत राहणारा ठिपका) असला तर कमाल त्याचंच येतं. आधी मीडियन फिल्टर (असे सुटे ठिपके पुसणारा) लावा, नाहीतर त्या एका ठिपक्यापायी अख्खी प्लेट अंधारात जाईल. माझ्या धुरासाठी तर किमान घेणंही चूक होतं. ग्रेनमुळं (चित्रातल्या बारीक दाण्यांमुळं) किमान कापडाच्या खऱ्या पातळीच्या खालीच येतं, तेवढं वजा केलं तरी चौकोन पुसट राहतोच. शेवटी नुसत्या कापडावर चौकट ठेवून कर्व्हटूलमधलं ॲव्हरेज इंटेन्सिटीज, म्हणजे सरासरी, घेतलं, ते ब्लॅकपॉइंटला दिलं, तेव्हा कडा गेल्या.

दाजींचं अजून म्हणणं आहे की एलईडी वॉलच खराब होती. शेठकडं दुसरी वॉल आणून दाखवायची माझी तयारी होती, बहिणीनं थांबवलं.

तसं न्यूकच्या व्ह्यूअरचा (चित्र दाखवणाऱ्या पडद्याचा) गॅमा, म्हणजे गडद भाग उजळवणारी सेटिंग, वर चढवला असता तर तो चौकोन नुसत्या डोळ्यालाही दिसला असता. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही.