आश्रय मागणारा माणूस ‘सुरक्षेला धोका’ कसा ठरतो?

तुम्ही विचारलंय की युरोपात आश्रय मागायला येणाऱ्यांना धोका कोण ठरवतं, नेते की सीमेवरच्या यंत्रणा. भाषणं नेते करतात, पण खरं काम यंत्रणांच्या वहीत, म्हणजे नोंदी आणि रकान्यांत होतं, असं माझं मत.

मी नवापूरचा. आमच्या स्टेशनावर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. आमच्याकडची माणसं कोयता, भांडी, लेकरं घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, कुणी सुरतेला लूमवर. हद्द कधी ओलांडली हे कळतही नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझा मामेभाऊ सुरतेहून चालत परत आला, तर नाक्यावर बांबू आडवे आणि टेबलावर वही. पहिला प्रश्न, पास कुठाय? वहीत ‘कुठून आला’ असा रकाना होता, ‘का आला’ असा नव्हताच. “मी काय चोर शे?” असं तो अजून विचारतो. तेव्हा साथ होती, कारण खरं होतं, हे मान्य. पण माणूस तोच, रस्ता तोच. बदलली ती वही.

फ्रॉन्टेक्स ही युरोपीय संघाची सीमा यंत्रणा. 2004 मध्ये स्थापन झाली, कचेरी वॉर्सात. तिची वही म्हणजे ‘जोखीम विश्लेषणा’चे अहवाल आणि बेकायदा सीमा ओलांडल्याचे आकडे. 2015 चा आकडा 18 लाखांच्या वर गेला. आता गंमत बघा. ही मोजणी ओलांडण्याची आहे, माणसांची नाही. ग्रीसमध्ये उतरलेला सीरियन तिथे एकदा मोजला, मग मॅसिडोनिया, सर्बिया करत हंगेरीत शिरला की पुन्हा मोजला. वर्ष संपण्याआधी, 2015 च्या ऑक्टोबरातच फ्रॉन्टेक्सला हा खुलासा करावा लागला, पण बातमीतला आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. आणि ‘बेकायदा’ कसलं? जिवाच्या भीतीनं थेट आलेला निर्वासित लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि कारण पटण्याजोगं असलं, तर विनापरवाना शिरल्याबद्दल त्याला शिक्षा करू नये, असं 1951 च्या निर्वासित कराराच्या 31 व्या कलमात आहे. अहवालाच्या रकान्यात हे कलम मावत नाही.

एकदा ‘जोखीम’ म्हटलं की कामही त्याच वळणाचं होतं. इटलीच्या लांपेदुसा बेटाजवळ 2013 मध्ये बोट बुडून साडेतीनशेवर माणसं गेली, तेव्हा इटलीच्या नौदलानं खोल समुद्रात जाऊन माणसं वाचवायला सुरुवात केली. वर्षभरात लाखावर वाचवली. 2014 च्या अखेरीस ती मोहीम संपली आणि फ्रॉन्टेक्सची ट्रायटन नावाची मोहीम आली: साधारण एक तृतीयांश खर्चात, इटलीच्या किनाऱ्यापासून 30 सागरी मैलांपर्यंत, आणि मुख्य काम सीमेवर पहारा.

अमेरिकेत तर टेबलच हललेलं दिसतं. परदेशातून येणाऱ्यांचा विभाग 1940 पर्यंत कामगार खात्यात होता, मग न्याय खात्यात, 2003 पासून होमलँड सिक्युरिटीत, म्हणजे देशाच्या अंतर्गत सुरक्षेच्या खात्यात.

राहिला तुमचा ‘नेते की यंत्रणा’ हा भाग. दोघांमधली भिंत पातळच आहे. फ्रॉन्टेक्सचे प्रमुख फाब्रिस लेजेरी यांनी 2022 मध्ये राजीनामा दिला. आश्रय मागणाऱ्यांना समुद्रात मागे ढकललं जात असताना काणाडोळा केल्याच्या आरोपांवरून चौकशी झाली होती. 2024 मध्ये ते फ्रान्समधल्या स्थलांतरविरोधी नॅशनल रॅली पक्षातर्फे युरोपीय संसदेत निवडून आले.