एमएमएस नक्की येतो कसा, आणि आता त्याचा काही उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या भाच्याने फोटो पाठवला, पण फोनवर नुसतंच ‘मेसेज डाउनलोड झाला नाही’ दिसतंय, व्हॉट्सॲप असताना ही एमएमएसची काय भानगड? लालबागला माझं बरीच वर्षं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ही तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी काउंटरवर उभं असायचं, म्हणून लिहितोय.

एमएमएस म्हणजे मोबाइल कंपनीमार्फत फोटो, आवाज पाठवायची मेसेज सेवा. गोम अशी की फोटो आपणहून तुमच्या फोनवर येतच नाही. येते ती फक्त वर्दी. भाच्याने ‘सेंड’ दाबलं की फोटो, मजकूर, आवाज, जे असेल ते एका गठ्ठ्यात बांधून त्याच्या कंपनीच्या एमएमएस सेंटरवर, म्हणजे मेसेज सांभाळणाऱ्या सर्व्हरवर चढतं. तिथून ते तुमच्या कंपनीच्या सेंटरला जातं, आणि हा मधला प्रवास चक्क ईमेलच्या पद्धतीने होतो. मग तुमचं सेंटर तुमच्या फोनला एक एसएमएस टाकतं, जो तुम्हाला दिसत नाही: अमुक पत्त्यावर सामान ठेवलंय. सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर सांगतो ना, ‘पार्सल आलंय, घेऊन जा’, तसंच. खाली उतरून पार्सल आणायचं काम फोनचं, आणि त्यासाठी त्याला मोबाइल डेटा लागतो. तुम्ही घरी वायफायवर असाल आणि डेटा बंद असेल, तर बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. वॉचमनही पार्सल जन्मभर सांभाळत नाही. मुदत संपली की सेंटर ते काढून टाकतं.

म्हणून आधी डेटा चालू करा, सेटिंगमध्ये एमएमएसचं एपीएन (कंपनीच्या डेटा नेटवर्कला जोडणारं नाव) भरलंय का बघा, मग डाउनलोड दाबा. तरीही नाही आलं तर दोन देशांतल्या कंपन्यांचं आपसात जमलेलं नसेल. मग भाच्याला सांगा, बाबा रे, व्हॉट्सॲपवर टाक.

हा द्राविडी प्राणायाम कशाला, तर एसएमएसच्या पोटात जागाच नाही. जेमतेम १४० बाइट. इंग्रजीत १६० अक्षरं, मराठीत ७०, आणि त्यातही काना-मात्रा, पाय मोडणं सगळं वेगळं मोजतात. ‘क्षत्रिय’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, फोनच्या हिशोबात आठ! त्यात फोटो कुठे मावणार?

नॉर्वेत २००२ साली ही सेवा पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिचं खरं अप्रूप होतं. ॲप नको, खातं नको, नुसता नंबर पुरे. समोरच्याचा फोन साधा असेल तर सेंटरच फोटो बारीक करून द्यायचं. आणि फोनला एमएमएस कळतच नसेल तर वेबसाइटचा पत्ता नि पासवर्ड असलेला एसएमएस यायचा. एक मावशी असाच एसएमएस घेऊन दुकानात आल्या होत्या. शेजारच्या सायबर कॅफेत बसून उघडला, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, दुपट्यात गुंडाळलेली नात. मावशींनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि जाहीर केलं, ‘कपाळ आमच्याकडचं.’

आपल्याकडे मात्र हा प्रकार रुजला नाही. एका फोटोला पैसे कापले जायचे, आणि २००४ नंतर पेपरवाल्यांनी ‘एमएमएस’ या शब्दाचा अर्थच ‘अश्लील क्लिप’ असा करून ठेवला, की चारचौघांत उच्चारायची चोरी. अमेरिकेत तो टिकला. आयफोन आणि अँड्रॉइडवाल्यांचे एकत्र ग्रुप वर्षानुवर्षं त्यावरच चालले. तुमच्या भाच्याचा फोटो बहुधा तसाच निघाला असेल.

बाकी व्हॉट्सॲपही वेगळं काही करत नाही. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो, तुम्हाला पत्ता आणि किल्ली मिळते. फरक इतकाच की तिथे कुलूप आहे, एमएमएसमध्ये कंपनीला सगळं उघडं दिसतं.

एक राहिलंच. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये अशी फट सापडली होती की नुसता एमएमएस आपोआप डाउनलोड झाला तरी फोन हातचा जाऊ शकत होता. ती बुजवली गेली, पण मेसेजच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो-डाउनलोड’ मी अजूनही बंदच ठेवतो.