डिलाइट सोडवा, पण शाफ्ट खोलू नका

प्रश्न : वडिलांची १९६६ ची फियाट डिलाइट पुण्यातल्या एका गॅरेजला दिली. प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियल या गिअरपेटीची गळती, मिळून ४६ हजारांचं बिल चुकतं केलं. घरी येईतो खालून घरघर सुरू. सकाळी फरशीवर ताटाएवढा तेलाचा डाग! गाडी परत नेली, तर आता आणखी १८ हजार आणि पार्किंगचे रोज २०० रुपये मागतात. त्याशिवाय गाडी सोडत नाहीत. बिलावर ‘गॅरंटी नाही’ छापलं आहे. काय करू? आणि या कामाने जुन्या गाडीच्या व्हिंटेज नोंदणीला बाध येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाडी अडवायचा हक्क गॅरेजवाल्याला आहे, पण तो आखूड आहे. करार कायद्याच्या कलम १७० नुसार, वस्तूवर केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पार्किंग ही मजुरी नव्हे. जॉबकार्डावर (गाडी देताना केलेल्या कामाच्या कागदावर) तसं ठरलं नसेल, तर त्यासाठी गाडी अडवता येत नाही. आपलीच चूक निस्तरण्याचे १८ हजार रास्त कसे, हा वाद घालण्याजोगा आहे. पण तोवर गाडी पावसात सडेल. म्हणून ते पैसे बँकेतून द्या आणि ‘हक्क राखून, तक्रारीसह’ असं लेखी कळवा. तरीही सोडली नाही, तर ग्राहक आयोगाकडे अंतरिम आदेश मागता येतो. पोलिसांत चोरीची तक्रार द्यायला धावू नका. गाडी तुम्हीच नेऊन दिली आहे.

गाडी हाती आली की ओळखीच्या मिस्त्रीला लगेच खाली झोपवू नका. इथेच बहुतेकांची केस जाते. शाफ्ट जोडताना दोन्ही तुकड्यांवरच्या खुणा जुळल्या नाहीत, तर गाडी वेगात थरथरते. नट सुटला की तो पुरावाही सुटला. आधी वाहनांची पाहणी करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून तपासणी, खुणांचे आणि पिनियनच्या ऑइल सीलचे (डिफरन्शियलच्या तोंडाशी तेल अडवणाऱ्या रिंगचे) फोटो, लेखी अहवाल. जुने क्रॉस परत मागा. दिले नाहीत तर तेही गॅरेजला द्यायच्या नोटिशीत लिहा.

‘गॅरंटी नाही’ या छापील ओळीने सदोष काम माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातच. मुदत दोन वर्षं. तुमच्या रकमेला फी नाही.

व्हिंटेज नोंदणीची काळजी नको. तिथला मोठ्या फेरबदलांचा नियम चासी, बॉडी आणि इंजिनाविषयी आहे. शाफ्टचे क्रॉस बदलल्याने तिला बाध येत नाही.