गच्ची, सावली आणि नेट मीटर: बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याविषयी बडोद्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी अनेकांचा रोख अनुदान किती मिळेल एवढ्यावरच होता. अनुदानाचा आकडा महत्त्वाचा आहेच, परंतु तो एकदाच हाती येतो आणि पॅनेल पुढची पंचवीस वर्षे त्याच गच्चीवर राहणार असतात. त्यामुळे उत्तरे देताना गच्ची, सावली आणि घराचा प्रत्यक्ष वीजवापर यांना अधिक जागा दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे न देता केवळ त्यांचा भाग नमूद केला आहे.

प्रश्न (मांजलपूर): आमचा स्वतंत्र बंगला आहे. दोन महिन्यांचा वीजवापर उन्हाळ्यात 900 युनिटांच्या आणि हिवाळ्यात 450 युनिटांच्या आसपास असतो. वर्षाची बेरीज 3,900 युनिट होते. एक विक्रेता म्हणतो की गच्ची मोठी आहे, तेव्हा 5 किलोवॅट बसवा. दुसरा म्हणतो की 3 किलोवॅट पुरे. कोणाचे ऐकावे?

उत्तर: आपण वर्षाची बेरीज करूनच पत्र लिहिले, हे फार बरे केले. बहुतेक लोक मे महिन्याचे बिल हातात धरून निर्णय घेतात आणि नको तेवढी मोठी यंत्रणा गळ्यात पडते. आपल्याकडच्या उन्हात, सावली नसलेल्या गच्चीवर नीट बसवलेली 1 किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे 1,400 ते 1,500 युनिट वीज देते. हा आकडा वर्षभराच्या सरासरीचा आहे. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तो निम्म्याहूनही खाली येतो. या हिशेबाने 3 किलोवॅटमधून वर्षाला 4,200 ते 4,500 युनिट मिळतील आणि आपली गरज भागून थोडी वीज शिल्लकही राहील. 5 किलोवॅटमधून 7,000 किंवा त्याहून अधिक युनिट तयार होतील, म्हणजे जवळपास निम्मी वीज आपल्या उपयोगाची नसेल.

ती उरलेली वीज कंपनी घेते हे खरे, पण कोणत्या दराने घेते ते विक्रेते सहसा सांगत नाहीत. नेट मीटर आपण ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, दिलेली आणि ग्रिडमधून घेतलेली अशा दोन्ही विजांची नोंद ठेवतो. त्यांची वजावट होऊन जे युनिट शिल्लक राहतात, त्यांचे पैसे आपण वीज विकत घेतो त्याहून बऱ्याच कमी दराने मिळतात. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ हे शब्द शब्दशः घेऊ नयेत.

अनुदानाची बाजूही पाहावी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे. म्हणजेच चौथ्या आणि पाचव्या किलोवॅटचा सर्व खर्च आपल्याच खिशातून जाणार. येत्या एकदोन वर्षांत दुसरा एसी, विजेवर चालणारी गाडी किंवा गॅसऐवजी इंडक्शन असा काही बेत नक्की असेल, तर 4 किलोवॅटचा विचार करण्यास हरकत नाही. तसा बेत नसेल तर 3 किलोवॅटच घ्यावे. त्याला सुमारे 300 चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते.

प्रश्न (दांडिया बाजार): घर जुने आहे, मागच्या भागावर अलीकडेच स्लॅब टाकला आहे. दक्षिणेला शेजाऱ्यांनी दोन मजले चढवले आहेत आणि आमच्याच गच्चीवर पाण्याची टाकीही आहे. सकाळी थोडा वेळ सावली येते. तेवढ्याने काही बिघडते का?

उत्तर: बिघडते, आणि वाटते त्यापेक्षा जास्त बिघडते. पॅनेल एकापुढे एक जोडून त्यांची माळ केलेली असते आणि त्या सर्वांतून एकच विद्युतप्रवाह वाहतो. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली, तर त्या पॅनेलचा प्रवाह घटतो आणि उन्हात असलेल्या इतर पॅनेलांनाही त्याचा फटका बसतो. पॅनेलमधील बायपास डायोड झाकलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात, त्यामुळे सगळेच काम थांबत नाही; मात्र त्या भागाची वीज हातची जाते.

सावली कधी तपासायची हा खरा प्रश्न आहे. उन्हाळ्यात गच्ची पाहायला आलेल्या माणसाला ती लखलखीत उन्हात दिसते, कारण बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारासही तो क्षितिजापासून फक्त 44 अंशांवर असतो आणि वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास तीच सावली उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते. शेजाऱ्यांचे बांधकाम आपल्या गच्चीच्या पातळीपेक्षा 20 फूट उंच असेल, तर हिवाळ्यात भर दुपारी भिंतीपासून 20 फुटांपर्यंतची जागा सावलीत जाईल. ही मोजणी टेप घेऊन आपण स्वतः करू शकता. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन या वेळात जो भाग डिसेंबरमध्येही मोकळा राहतो, तेवढाच आपला समजावा.

टाकी हलवता येत असेल तर ती उत्तरेकडच्या कोपऱ्यात न्यावी; पॅनेलच्या तुलनेत तो खर्च किरकोळ असतो. शेजाऱ्यांची भिंत हलणार नाही. अशा घरांना प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा छोटा इन्व्हर्टर) लावण्याचा मार्ग आहे, म्हणजे एकाच्या सावलीची झळ दुसऱ्याला लागत नाही. तो महाग पडतो आणि सावलीतल्या पॅनेलमधून वीज तोही काढू शकत नाही. मोजणीनंतर 2 किलोवॅटपुरतीच जागा निघाली, तर 2 किलोवॅटच बसवावे. जुन्या भिंतींवर टेकलेल्या नव्या स्लॅबची भारक्षमता स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेणे आपल्या बाबतीत अनिवार्य आहे, कारण एकेक पॅनेल 27-28 किलोचे असते आणि वाऱ्याचा जोर त्याहून अवघड प्रश्न निर्माण करतो.

प्रश्न (समा): ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते. इन्व्हर्टर कुठे बसवावा? आणि पुराच्या वेळी लाइट गेली तर निदान सौर वीज तरी मिळेल ना?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. साध्या, ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेत लाइट गेली की लख्ख ऊन असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. हा दोष नाही, ती सुरक्षेची सोय आहे. बाहेर तारा दुरुस्त करणारा कर्मचारी लाइन मृत समजून हात घालतो. त्याच वेळी एखाद्या घरातून त्या तारेत वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. लाइट नसतानाही वीज हवी असेल, तर बॅटरीही जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. वर दिलेले अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मोजले जाते, त्यामुळे बॅटरी घेतल्याने ते वाढत नाही. ज्या भागात वर्षातून मोजक्या वेळा वीज जाते, तेथे हा खर्च मला पटत नाही. आपल्यासारख्या पूरग्रस्त भागात, घरात वृद्ध माणसे किंवा विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण असेल, तर तो योग्य ठरू शकतो.

आता जागेविषयी. इन्व्हर्टर मीटरजवळ जिन्याखाली लावण्याची पद्धत आहे, कारण विक्रेत्याची केबल वाचते. आपण ते मान्य करू नये. 2024 चे पाणी जिथवर चढले त्याची खूण भिंतीवर अजून असेल, तर तिच्याही बऱ्याच वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, जेथे थेट ऊन आणि पाऊस लागणार नाही पण हवा खेळती असेल, अशी जागा निवडावी. डीसी (पॅनेलकडून येणाऱ्या विजेची) आणि एसी (घराकडे जाणाऱ्या विजेची) अशा दोन्ही जोडपेट्याही इन्व्हर्टरबरोबर वरच असाव्यात. घरात पाणी शिरण्याची चिन्हे दिसताच हात कोरडे असताना एसी आणि डीसी असे दोन्ही स्विच बंद करावेत. मुख्य स्विच बंद केला तरी दिवसा पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत दाब असतोच, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

प्रश्न (वाघोडिया रोड): गच्चीला चायना मोझेक केलेले आहे. स्ट्रक्चरसाठी भोके पाडली तर गळती लागेल अशी भीती वाटते. उंच स्ट्रक्चर करून खालची जागा वापरता येईल का?

उत्तर: भीती रास्त आहे. चायना मोझेकचे तुकडे, त्याखालचा मसाला आणि त्याखालचा जलरोधक थर, हे सर्व ड्रिलने एकदा फुटले की पहिल्या पावसात पाणी कुठून उतरते हे शोधणे कठीण जाते. भोके न पाडता काँक्रीटचे जड ठोकळे ओतून त्यांत स्ट्रक्चरचे पाय बसवता येतात. ठोकळे पाण्याच्या उतारात आडवे येऊ नयेत, एवढे गवंड्याला बजावून सांगावे. सात-आठ फूट उंचीच्या स्ट्रक्चरखाली वाळवणे घालता येतात, संध्याकाळी बसताही येते. मात्र उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो. तेव्हा गरम झिंकलेप दिलेले जाड लोखंड, तिरके आधार आणि कॉलमशी जोडलेले पाय घेतल्याशिवाय उंच स्ट्रक्चर करू नये. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल सुमारे 20 अंश ठेवावा.

प्रश्न (रावपुरा): उत्तरायणात आमच्या गच्चीवर सगळा गोतावळा जमतो. पॅनेलना काही होईल का? आणि ते धुवायचे कसे?

उत्तर: पतंगाने पॅनेलला काही होत नाही; पतंग काढायला पॅनेलवर चढणाऱ्या मुलांमुळे होते. वरची काच मजबूत असते आणि पाय दिल्यावर ती फुटत नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. आतल्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांना मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात आणि वीज हळूहळू घटत राहते. 14 आणि 15 जानेवारीला पॅनेलच्या बाजूला दोरी बांधून ठेवावी. सण आटोपल्यावर लांब काठीला मऊ फडके गुंडाळून अडकलेले पतंग आणि मांजा काढावा. काचेवर चिकटून राहिलेला कागदाचा कपटा म्हणजे कायमची सावलीच असते. पॅनेलखालच्या तारांमध्ये गुंतलेला मांजा ओढू नये. तेथे कात्रीही न चालवता तंत्रज्ञाला बोलवावे.

धुणे पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना करावे. बोअरचे जड पाणी काचेवर सुकले की पांढरे डाग धरते, म्हणून नळाचे पाणी वापरावे आणि शेवटी रबरी पट्टीने निथळून घ्यावे. साबणाची पावडर वापरू नये.

प्रश्न (गोत्री): बडोद्याचा मे महिना एवढा तापतो, म्हणजे सर्वात जास्त वीज तेव्हाच मिळत असणार?

उत्तर: ऊन भरपूर मिळते, पण उष्णता आड येते. पॅनेलवर छापलेली क्षमता चकत्यांचे तापमान 25 अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. मेमध्ये दुपारी ते 65 अंशांपर्यंत जाते आणि दर अंशामागे साधारण 0.35 टक्के क्षमता घटते. म्हणजे त्या वेळी सुमारे 14 टक्के तूट येते. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा जाऊ द्यावा. बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला असून त्याचे उद्घाटन जानेवारी 2015 मध्ये झाले. तेथे पॅनेलखालच्या पाण्याचा गारवा कामी येतो, शिवाय बाष्पीभवनही कमी होते.

प्रश्न (प्रतापनगर): वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. अर्ज करताना अडचण येईल का? व्यवहारात आणखी काय पाहावे?

उत्तर: अडचण येईल. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, म्हणून बिल आणि बँक खाते एकाच नावावर असले पाहिजे. आधी मध्य गुजरात वीज कंपनीकडे वारसाची कागदपत्रे देऊन जोडणीचे नाव बदलून घ्यावे आणि मगच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करावी. 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती यंत्रणांना 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही, त्यामुळे नावबदलात गेलेला वेळ पुढे भरून निघतो.

विक्रेता नोंदणीकृत असावा आणि पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच (आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांचेच) असावेत, अन्यथा अनुदान अडते. पॅनेल वर चढवण्यापूर्वी त्यांच्या पाठीवरची पट्टी वाचून वॅट आणि अनुक्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत. कोटेशनमध्ये एक आणि गच्चीवर दुसरेच, असे प्रकार होतात. कोटेशन जुने असेल तर करही तपासावा, कारण सौर उपकरणांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. नेट मीटर लागून यंत्रणा चालू होईपर्यंत काही रक्कम हातात राखून ठेवावी.

प्रश्न (अलकापुरी): आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गच्ची सर्वांची आहे. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर: आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि गाड्यांचे चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी गृहनिर्माण सोसायटीला प्रतिकिलोवॅट 18,000 रुपये अनुदान मिळते. प्रत्येक घरामागे 3 किलोवॅट धरून एकूण मर्यादा 500 किलोवॅटपर्यंत आहे. अर्ज सोसायटीच्या नावाने करावा लागतो, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा आणि गच्चीचा कोणता भाग पॅनेलखाली जाणार त्याचा नकाशा त्या ठरावालाच जोडावा.