व्हीपीएन जोडले जाते, पण गावचा राउटर उघडत नाही

प्रश्न : गावच्या घरी ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारी मुक्त प्रणाली) असलेला राउटर असून त्यावर वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे बाहेरून त्या घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सुरक्षित वाट, चालू केले आहे. मोबाइल डेटावरून लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकले की त्या राउटरचे पान उघडते. पुण्यातील घरच्या वाय-फायवरून मात्र व्हीपीएन जोडलेले असूनही इथल्याच राउटरचे लॉगिन पान समोर येते. गावच्या राउटरचे पान थेट इंटरनेटवर खुले करावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया तसे करू नका. राउटरचा ताबा देणारे पान जगासमोर उघडे ठेवले, की त्यावर पासवर्ड लावून पाहणाऱ्या यंत्रणांचा मारा सुरू होतो, आणि तुमच्या अडचणीला त्याची गरजही नाही.

मोबाइल डेटावरून पान उघडते, त्याअर्थी वायरगार्डच्या किल्ल्या (ओळख पटवणारे संकेत), पोर्ट (जोडणीचा क्रमांक) आणि गावचा फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा) ठीक आहेत. त्यांना हात लावू नये. घोळ पत्त्यांचा आहे. अनेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात, आणि तुमच्या दोन्ही घरी तोच राहिला आहे. लॅपटॉपला हा पत्ता जवळच्या वाय-फायवरच सापडत असल्यामुळे तुमची विनंती व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही.

खात्रीसाठी गावच्या राउटरच्या वायरगार्ड इंटरफेसला (व्हीपीएनच्या जोडणीला) दिलेला पत्ता, समजा १०.८.०.१, पुण्यातून ब्राउझरमध्ये टाकून पाहा. तो लॅपटॉपवरील वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’ (कोणते पत्ते व्हीपीएनमधून जावेत याची यादी) या रकान्यात असायला हवा. पान उघडले, तर निदान पक्के.

बदल गावच्या बाजूला करावा, कारण पुण्यातील पत्ते बदलले तरी उद्या एखाद्या नातेवाइकाच्या वाय-फायवर हीच अडचण पुन्हा उभी राहील. गावच्या राउटरचा लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कचा, पत्ता १९२.१६८.५७.१ असा सहसा कोणी न वापरणारा ठेवावा आणि लॅपटॉपवरील ‘अलाउड आयपीज’मध्ये १९२.१६८.१.०/२४ च्या जागी १९२.१६८.५७.०/२४ (म्हणजे १९२.१६८.५७ ने सुरू होणारे सगळे पत्ते) लिहावे. हा बदल १०.८.०.१ वरूनच करावा. जुन्या पत्त्यावरून केल्यास पानाचा संपर्क तुटतो आणि ओपनडब्ल्यूआरटी ९० सेकंद वाट पाहून जुनी सेटिंग परत आणते.

गावी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) किंवा प्रिंटर यांना हाताने कायमचा पत्ता दिलेला असेल, तर ही उपकरणे जुन्याच पत्त्यावर अडून बसतील आणि पुण्यातून ती दिसणार नाहीत. म्हणून हे काम पुढच्या वेळी गावी गेल्यावरच करणे बरे.