नाही म्हणायला जागा ठेव

प्रिय पोरी,

कथा वाचली. भाषा स्वच्छ आहे, उन्हाचं वर्णन जमलंय. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. सोबतचा मेसेज मात्र डोक्यातून जाईना. ‘काका, मी काहीच ठरवत नाही, सिस्टिम ठरवते. माझा नायकही काही ठरवत नाही. मग मी कथा लिहू तरी कशाची?’

प्रश्न खरा आहे. कथेत त्याचं जे उत्तर दिलंयस ते खोटं आहे.

तुझा नायक मे महिन्यात नागपूरच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला उभा आहे. पाठीवर डिलिव्हरी ॲपची जेवणाची पेटी, मोबाइलवर मिनिटं उतरताहेत. त्याला नाव नाही, नंबर आहे. शेवटी त्याची आयडी बंद होते आणि तो डांबरात विरघळून जातो. वाचणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि मोकळा होतो. पण आयडी बंद झाल्यावर त्या पोरांशी दिवसभर चॅटवर बोलतं कोण? तू. तूच मला सांगितलंस, की तक्रार वर पाठवायचं एक बटण तुझ्या स्क्रीनवर असतं आणि ते जास्त वेळा दाबलं की टीम लीडर जाब विचारतो. म्हणजे बटण आहे. कथेत ते कुठे गेलं? सिस्टिमला राक्षस केलंस, की ती चालवणारी माणसं आपोआप सुटतात. त्यात तूही सुटतेस. रागावू नकोस, पण मला तेच दिसलं.

मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि पुन्हापुन्हा सांगणार आहे. पात्राला नाही म्हणायला जागा ठेव. त्याने नाही म्हटलंच पाहिजे असं नाही. घाबरून गप्प बसला तरी चालेल, पैसे घेऊन हो म्हणाला तरी चालेल. पण त्याला नाही म्हणता आलं असतं, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. ती जागाच नसेल तर त्याचं विरघळणं मला का लागावं? बर्फही विरघळतो.

नंबरांचं म्हणशील, तर माझी नोकरीच नंबरांची होती. गिरणीचं टाइम ऑफिस, मस्टर, तिकीट नंबर, पाळ्या. माणसाला नंबर दिला की त्याचा नंबर होतो, ही कल्पना गिरणीत न गेलेल्या लेखकांची. नुसत्या नंबराने हाक मारली की काही जण मुद्दाम वळायचे नाहीत. एक जण सरळ म्हणायचा, ‘माह्या बापानं नाव ठेवलं आहे नं साहेब, ते घ्या.’ दुसरा नंबरावरूनच अशी शिवी रचायचा की अख्खं खातं हसे. तुझ्या कथेत कुणीच वळायचं थांबत नाही. सगळे वळतात.

आणि यंत्र माणसाला माणसातून उठवतं, हे तरी किती खरं? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत. का, तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. धोट्याला जात कळत नव्हती. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या, स्वतःही पिळल्या जाणाऱ्या कामगारांनी नाही म्हटलं होतं. नकार म्हणजे चांगुलपणा असं मी म्हणतच नाहीये. पण तो कुणाचा होता, एवढं तरी लिहावं लागतं.

तू त्या बेंजामिन लिबेट नावाच्या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचं लिहिलंस. 1983 चा. मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू होते आणि ‘आता हलवतो’ ही इच्छा त्यानंतर जाणवते, म्हणजे स्वेच्छा हा भास. बरं. पण पुढचं वाचलंस का? इच्छा जाणवल्यावरही हात हलायला थोडा अवधी उरतो आणि तेवढ्यात माणूस हात आवरू शकतो, असं खुद्द लिबेटच मांडत होता. ज्याचा दाखला देऊन तू हात टेकलेस, त्याने नाही म्हणायची जागा ठेवली होती.

‘कुणीच काही ठरवत नाही’ हे वाक्य ऐकायला खोल वाटतं. ते कुणाच्या सोयीचं आहे, तेही बघ. 1871 साली इंग्रज सरकारने कायदाच केला, की अमुक जमाती गुन्हेगार. त्या जमातीत जन्मलास, की झालास गुन्हेगार. ठाण्यात हजेरी, गाव सोडायला परवाना. माणूस स्वतः काही ठरवू शकतो ही शक्यताच कागदावरून खोडून टाकली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी गेला. आपल्या विदर्भात गावात चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, बोट दाखवलं जातं. तेव्हा स्वेच्छा नसतेच असं कॅफेत बसून म्हणताना जरा जपून.

तू रोज दीक्षाभूमीवरून जातेस. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेब म्हणाले, की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, आपल्या गावात. मधली एकवीस वर्षं बघ. इतकी वर्षं एक माणूस ठरवत होता, पारखत होता. मग लाखो लोकांपुढे बावीस प्रतिज्ञा. काढून वाच. किती ‘मानणार नाही’, किती ‘करणार नाही’. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. शतकानुशतकं ज्यांना काही ठरवायची मुभाच नव्हती, त्यांनी उभं राहून आधी नाही म्हटलं. आणि तुझा नायक चौथ्या पानावरच विरघळतो!

आता माझं थोडं ऐक. माझी एक कथा एका मासिकाने शेवटासाठी अडवली होती. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळेल म्हणून रोज गेटवर येऊन वाट बघणारा बदली कामगार. एके दिवशी त्याला कायमची जागा मिळते, पण ती संपात काढून टाकलेल्या मित्राची असते. तो गेटवरून परत फिरतो. संपादक म्हणाले, असं कोणी करत नाही. त्याला आत जाऊ द्या, मागे गेट बंद होऊ द्या, जबरदस्त होईल. मी असा परत फिरलेला माणूस डोळ्यांनी पाहिला होता. शेवट बदलला नाही. कथा आजतागायत छापली गेली नाही आणि ज्याच्यावरून ती लिहिली तो माणूसही ती छापलेली न बघताच गेला.

अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चं असंच झालं. 1962 ची कादंबरी, एकवीस प्रकरणांची. एका गुंड पोराला औषधं देऊन आणि सिनेमे दाखवून असं ‘सुधारतात’ की मारामारीच्या विचारानेच त्याला मळमळतं. तुरुंगातला पाद्री विचारतो, ज्याला निवडच उरली नाही तो चांगला कसा? शेवटच्या प्रकरणात तो पोरगा कुणी न सांगता, आपणहून त्या सगळ्याला कंटाळतो. अमेरिकी प्रकाशकाने नेमकं तेच प्रकरण काढून टाकलं. 1971 चा सिनेमाही त्याच्याशिवायच निघाला. अमेरिकेत ते छापलं गेलं 1986 मध्ये. मी माझी तुलना बर्जेसशी करत नाहीये. (करतोय, दिसतंय मला.) पण माणूस आपणहून बदलू शकतो हे लोकांना भाबडं वाटतं आणि तो चिरडला गेला की कलात्मक वाटतं, हे तिथेही तसंच निघालं. घरचे मला हट्टी म्हणतात. असेन. त्यानंतर लिहिणं कमी झालं, याची खंत आहे. शेवट बदलला नाही, याची अजिबात नाही.

नोकरी सोड, असं मी म्हणत नाहीये. घरचे हप्ते मला माहीत आहेत. कथा मात्र पुन्हा लिही. त्या पोराला नाव दे आणि त्याच्याशी चॅटवर बोलणाऱ्या मुलीला कथेत आण. ती बटण दाबते की नाही, ते तू ठरव. मला आधी सांगू नकोस. नवीन खर्डा छापून आण, मोबाइलवर पाठवू नकोस. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. रविवारी दुपारी चारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका