पॉवरसेव्ह गव्हर्नर लावूनही फोन दुपारीच का संपतो?

तुम्ही लिहिलंय, फोन रूट करून (म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार मिळवून) पॉवरसेव्ह गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग) लावला, तरी कोथरूडहून पूर्ण चार्ज करून निघालेला फोन हिंजवडीत दुपारी तीनलाच मान टाकतो. आता कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आणखी काय बदलू?

आधी पॉवरसेव्ह काढा. नावावर जाऊ नका. तो सीपीयूला सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीला, म्हणजे वेगाला, बांधून ठेवतो. दोन सेकंदांचं काम सहा सेकंद रेंगाळतं आणि तेवढा वेळ स्क्रीनही चालू राहते. 2016 साली लिनक्स कर्नल 4.7 मध्ये आलेला शेड्युटिल गव्हर्नर यादीत असेल तर तो ठेवा, नसेल तर इंटरॲक्टिव्ह.

पण खरी गळती बहुतेकदा दुसरीकडेच असते. खिशात असताना फोन झोपतोय का, हे बघा. माझा जुना फोन रात्री 80 टक्क्यांवर उशाशी ठेवला की सकाळी 58 दाखवायचा. पंधरा दिवस मी नुसते गव्हर्नर बदलत होतो. मग सीपीयू स्पाय हे ॲप टाकून पाहिलं, तर सात तासांत डीप स्लीप, म्हणजे सीपीयूची गाढ झोप, जेमतेम दीड तास! बेटरबॅटरीस्टॅट्स या ॲपमध्ये पार्शल वेकलॉकची (स्क्रीन बंद असतानाही सीपीयूला झोपू न देणाऱ्या ॲप्सच्या विनंत्यांची) यादी उघडली. हवामानाचं एक ॲप रात्रभर फोनला जागं ठेवत होतं. अँड्रॉइड 6 पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आहे, पडून असलेल्या फोनमध्ये ती असे वेकलॉक मानत नाही. पण त्या ॲपला मीच कधीतरी बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलं होतं. ती सूट काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 77 टक्के उरले.

हे झालं की मगच फ्रीक्वेन्सीला हात लावा. मोठ्या कोअरची (सीपीयूच्या जास्त ताकदीच्या भागांची) स्केलिंग मॅक्स फ्रीक्वेन्सी, म्हणजे वेगाची कमाल मर्यादा, एक-दोन पायऱ्या खाली आणा, लहान कोअर आहेत तसे राहू द्या. यामागचं गणित मला फार आवडतं. सीपीयूला लागणारी वीज फ्रीक्वेन्सीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा फ्रीक्वेन्सी 20 टक्के उतरवली आणि त्यासोबत व्होल्टेज 10 टक्के उतरलं, तर काम सव्वापट वेळ घेईल, तरी त्या कामाला लागणारी ऊर्जा साधारण 19 टक्क्यांनी घटेल. म्हणजे वरच्या टोकाची शेवटची पायरी सगळ्यात महाग पडते. फ्रीक्वेन्सी फार खाली नेलीत तर व्होल्टेज आणखी उतरत नाही, नुसता वेळ वाढतो.

अंडरव्होल्टिंगच्या (त्याच फ्रीक्वेन्सीला ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेज देण्याच्या) वाटेला सध्या जाऊ नका, फोन मध्येच हँग होऊ शकतो. बदल केल्यावर ‘अप्लाय ऑन बूट’वर (फोन सुरू होताना बदल आपोआप लावणाऱ्या पर्यायावर) लगेच टिक करू नका, दोन दिवस वापरून बघा. काही बिघडलं तर रीस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत होतं.

आणि ताम्हिणीसारख्या ठिकाणी रेंज शोधताना मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) जी बॅटरी खातो, तिला कर्नलमध्ये औषध नाही. तिथे सरळ एअरप्लेन मोड लावा.

आज झोपताना किती टक्के आहेत ते लिहून ठेवा. सकाळचे टक्के आणि डीप स्लीपचा आकडा इथे टाका, मग तुमची वेकलॉकची यादी बघू.